मागची खोली

मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला आणि आमची मागची खोली रिकामी झाली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. खोली शोधणाऱ्या नर्स नेहमीच्याच. एक मुलगी दारात आली आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "आडनाव काय?" विचारलं आणि जीभ चावली. पुण्यात शिकताना माझ्या मुलाला हाच प्रश्न विचारून तीन घरांनी नकार दिला होता. तेव्हा मी किती रडले होते!

मुलगी राहायला आली. मी म्हटलं, "घरातल्यासारखी आहे, कागद कशाला?" हे म्हणाले, "म्हणूनच कागद हवा." सूरह बकराच्या २८२व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे, आणि डिपॉझिट हे आपल्यावरचं देणंच. शिवाय १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लेखी करार नोंदवणं ही घरमालकाचीच जबाबदारी. भाडं, वीजबिल, डिपॉझिट, किती दिवस आधी सांगायचं, सगळं लिहून अकरा महिन्यांचा करार नोंदवला.

रमजानात सहरीच्या भांड्यांचा आवाज आणि तिची नाईट ड्यूटीनंतरची झोप, दोघींनी सांभाळून घेतलं.

करार संपला त्या दिवशी डिपॉझिट मोजून तिच्या हातात दिलं. निघताना ती हळूच म्हणाली, "काकू, पुढच्या मुलीला आडनाव नका विचारू."

तिच्या लक्षात होतं. आता कुणी खोली बघायला आलं, की मी आधी ड्यूटीच्या वेळा विचारते.