मालगुंडला जाताना

परदेशप्रवास करून आलेल्या कुटुंबांना तिकडचे काय आवडले असे विचारावे, तर बर्फ आणि सरोवरे यांच्याइतकेच कौतुक तिथल्या प्रवासव्यवस्थेचे ऐकायला मिळते. स्वित्झर्लंडमध्ये ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा एकच पास काढला, की आगगाडी, बस आणि सरोवरातली बोट या तिन्हींना तो चालतो. एरवी पेढीवरून न हलणारे गृहस्थ तिथे पाठीला पिशवी अडकवून बसथांब्यावर उभे राहतात आणि त्यात त्यांना काडीचाही कमीपणा वाटत नाही. तेच कुटुंब कोकणात निघाले की मात्र दाराशी मोटार लागते. गणपतीपुळ्याचे मंदिर, समुद्रावर तासभर, आंबापोळीची खरेदी आणि लगेच माघारी.

अशा दौऱ्यात गणपतीपुळ्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर असलेले मालगुंड पुष्कळदा राहून जाते. आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जाणारे केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, १८६६ साली याच गावी जन्मले. त्यांचे जन्मघर जपून ठेवलेले आहे. मधु मंगेश कर्णिक यांनी स्थापन केलेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे स्मारक उभारले आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शिळांवर कोरलेल्या कविता वाचत हिंडायचे तर दोन तास हवेत. मोटारीचा चालक बाहेर ताटकळत असला म्हणजे हे दोन तास वीस मिनिटांवर येतात.

केशवसुतांच्या काळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती. मुंबईहून यायचे तर आगबोट, नाहीतर घाटवाट. आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत दक्षिणेला जाई. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात बसून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात तेही बंद. नोकरीसाठी मुंबई, फैजपूर, धारवाड असा प्रवास करणाऱ्या या शिक्षक-कवीचा अंत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने झाला. आज त्यांच्या गावाकडे नेणाऱ्या एका आगगाडीचे नाव त्यांच्याच कवितेवरून ठेवलेले आहे. दादर–सावंतवाडी राज्यराणी एक्स्प्रेसचे २०१७ मध्ये ‘तुतारी एक्स्प्रेस’ असे नामकरण झाले.

ही तुतारी आपल्या उपयोगाची आहे. मध्यरात्र उलटताच ती दादरहून निघते आणि सकाळी रत्नागिरीला पोहोचवते. शनिवारी रात्री जेवून निघणाऱ्याला तिकीट मात्र रविवारच्या तारखेचे लागते. आरक्षण करताना हे विसरले, तर गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक निराळे असते, तेही पाहून घ्यावे. सकाळी पोहोचण्याचा लाभ सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना अधिक समजेल. हिवाळ्यात इथे सहाच्या सुमारास सूर्य समुद्राला टेकतो. दुपारी पोहोचणाऱ्या कुटुंबाची मुक्काम शोधता शोधताच जेवणाची वेळ टळते. कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असल्याचे घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावे. ऐन वेळी सांगितले तर वरण-भातावर भागवावे लागते.

रत्नागिरीचे रेल्वेस्थानक शहराबाहेर कुवारबावला आहे. तिथून रिक्षाने एसटी स्थानक गाठायचे आणि आरे-वारेमार्गे जाणारी गाडी विचारून घ्यायची. या वाटेने गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर भरते. काळबादेवी मागे पडल्यावर रस्ता टेकडीवर चढतो आणि दोन खाड्यांमधला शुभ्र किनारा एकदम खाली पसरलेला दिसतो. एसटीची उंच खिडकी इथे महागड्या मोटारीपेक्षा सरस ठरते. निवळी-जाकादेवीवरून येणारा रस्ता आतला. महामार्गावरून थेट येणाऱ्यांना तो सोयीचा, पण त्यावर समुद्र नाही. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना आंबा घाटाखेरीज सोईस्कर वाट नाही, कारण कोल्हापूरहून कोकणात उतरणारी रेल्वे अजून झालेली नाही.

भाड्याचा हिशेब व्यापारी घरात वेगळा समजावायला नको. २०२३ पासून राज्याच्या हद्दीत महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा ४ किंवा ७ दिवसांचा पास पुष्कळांना ठाऊकच नसतो. घरात स्त्रिया आणि वडीलधारी अधिक असतील तर सवलतीची सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. दोघे-तिघे पुरुष दूरवर भटकणार असतील, तर पास. स्विस पासाची सर त्याला नाही, रेल्वे आणि बोट त्यात येत नाहीत. ती उणीव आहेच, आणि ती भरून काढायला कुणी फारसे झटतानाही दिसत नाही. पण ज्या फेरीला उतारू मिळत नाहीत ती फेरी टिकत नाही, आणि ती बंद पडली की अडचण पाहुण्याची होत नाही, शाळा-कॉलेजला जाणाऱ्या गावच्या मुलांची होते.

गणपतीपुळे ते मालगुंड हे अंतर चालून जावे. सकाळची वेळ असली तर आजी-आजोबांनाही जमते. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी रिक्षा असतातच, मात्र परतीचे भाडे आधी ठरवून बसावे. पायी येणारा माणूस गावात थांबतो, कोकम सरबत घेतो, कुणाच्या तरी अंगणात पाणी मागतो. मोटारीतल्या पाहुण्याचा पैसा पुळ्यालाच संपतो; मालगुंडच्या दुकानदाराच्या गल्ल्यात पडतो तो पायी आणि एसटीने येणाऱ्याचा.

मालगुंडहून उत्तरेला जयगड आहे. तिथे शास्त्री नदीची खाडी आडवी येते. पलीकडे तवसाळ समोर दिसत असते, पण रस्त्याने जायचे तर राई-भातगावच्या पुलाचा मोठा वळसा पडतो. फेरीबोट तोच प्रवास थोड्या मिनिटांत करते. माणसे, दुचाक्या, मोटारी सगळे एका फळीवर. दाभोळ-धोपावे मार्गावर २००३ मध्ये अशी सेवा सुरू झाली, आणि आज वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी असे टप्पे जोडत किनाऱ्याकिनाऱ्याने थेट मुरुडपर्यंत जाता येते. आगबोटीची जुनी वाट जणू तुकड्यातुकड्यांनी परत मिळाली आहे. तवसाळला उतरल्यावर हेदवी, वेळणेश्वर, गुहागर ओळीने येतात. समुद्र खवळलेला असेल तर बोट बंद ठेवतात, आणि तवसाळहून पुढे जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत. तिची वेळ बोटीचे तिकीट काढण्यापूर्वी जयगडच्या धक्क्यावरच विचारून घ्यावी.