चालू आणि दुरुस्त

‘चालू’ आणि ‘दुरुस्त’ हे दोन शब्द कोशांत अगदीं वेगळे आहेत. आपल्या घरांत मात्र ते एकाच अर्थानें वावरतात. पंखा फिरूं लागला, दिवा लागला, नळाला पाणी आलें, कीं घरधनी हात पुसतो आणि ‘झालें दुरुस्त!’ असें जाहीर करितो. रविवारची सकाळ, हातांत पक्कड, तोंडांत स्क्रू, आणि शिडी धरावयास घरांतील सर्व मंडळी, हें दृश्य कोणत्या मध्यमवर्गीय घरांत दिसत नाहीं? आम्हांसही या उद्योगाची आवड आहे. आमच्या टेबलाच्या खालच्या खणांत टेस्टर, चिकटपट्टी, वॉशर, जुने स्क्रू असा मोठा संसार नांदतो. सौभाग्यवती त्यास भंगार म्हणतात, तें आम्ही मनावर घेत नाहीं. घरचें काम आपल्या हातानें केल्यानें पैसे वांचतात हें खरेंच. पण त्याहून मोठा लाभ असा, कीं ज्या भिंतींच्या आधारानें आपण राहतों त्यांच्या पोटांत काय चाललें आहे तें आपणांस कळतें. मात्र हा लाभ पदरांत पडावयाचा, तर त्या दोन शब्दांतील अंतर विसरून चालत नाहीं.

आपल्या जुन्या ओळखीच्या फ्यूजचेंच पाहा. हल्लीं नव्या घरांतून त्याची जागा एम. सी. बी.च्या खटक्यानें घेतली आहे; तरी जुन्या वाड्यांत व चाळींत चिनीमातीचे ते पांढरे फ्यूज अजून आढळतात. त्यांतील बारीक तार मुद्दाम दुबळी ठेविलेली असते. भिंतींतील तारेला सोसवेल त्याहून अधिक प्रवाह वाहूं लागला, तर आधीं आपण वितळावें आणि तिला वांचवावें, एवढेंच तिचें जीवितकार्य. ती वरचेवर जळूं लागली, तर शहाणा मनुष्य विचारतो, ‘इतका प्रवाह जातो तरी कोठें?’ एकाच प्लगावर इस्त्री आणि शेगडी चालली आहे काय? एखाद्या तारेचें आवरण झिजलें आहे काय? घाईचा मनुष्य जाड तार आणून बसवितो. मग फ्यूज जळत नाहीं. सर्व कांहीं चालू होतें. रात्रीं कुत्रा भुंकतो म्हणून त्याचें तोंड बांधून निजण्याचाच हा प्रकार. पुढें तापण्याचें काम भिंतींतील तारेकडे जातें, आणि तिची तक्रार कळते ती धूर दिसल्यावर. खटका वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागीं मोठ्या आंकड्याचा खटका बसविणारे लोक हेंच जुनें पाप नव्या उपकरणानें करितात.

पंपाची गोष्ट याहून निरुपद्रवी आहे. पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी उताराच्या बळावर पुण्यांतील हौदांपर्यंत आपण होऊन येई. त्यास पंप लागत नसे. आज बहुतेक ठिकाणीं पाणी जमिनींतील टांकींत पडतें, आणि तेथून तें गच्चीवर चढवावें लागतें. मोटर फिरते, आवाज करिते, पण वर थेंब जात नाहीं, हा अनुभव पुष्कळांस असेल. अशा वेळीं पंपाचें बूच काढून तांब्याभर पाणी ओतलें, कीं तो पाणी ‘धरतो’. कित्येक घरीं हा अभिषेक वर्षानुवर्षें रोज चालतो, आणि पंपाचा स्वभावच तसा आहे अशी सर्वांची समजूत होऊन बसते.

वस्तुतः पंप पाणी ओढीतच नाहीं. तो नळींतील दाब कमी करितो, आणि बाहेरची हवा टांकींतील पाण्यास दाबून वर ढकलते. शोषपंप ठराविक उंचीपलीकडे पाणी कां चढवीत नाहीं, हें कोडें गॅलिलिओनें १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें; टॉरिचेली यानें १६४४ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत त्याचें उत्तर हवेच्या वजनांत दाखविलें. समुद्रकांठीं ही मर्यादा सुमारें ३४ फूट आहे. पुण्यासारख्या उंचावरील शहरीं ती दोनेक फुटांनीं कमी, आणि व्यवहारांत तर वीस-पंचवीस फुटांहून अधिकाची आशा धरूं नये. आपला नेहमींचा घरगुती पंप फिरत्या चक्राचा असतो. तो पाण्यानें भरलेला असला तरच काम करितो. नुसती हवा उपसणें त्यास जमत नाहीं. म्हणून नळीच्या तळाशीं फुटव्हॉल्व्ह असतो. पाण्यास वर येऊं द्यावें, पण खालीं परतूं देऊं नये, हें त्याचें काम. त्यांत खडा अडकला किंवा त्याची चकती झिजली, कीं रात्रभरांत नळी रिकामी होते. तो काढून साफ केला, अगर चकती बदलली, म्हणजे अभिषेक थांबतो. तांब्यानें पंप चालू होतो. दुरुस्त होतो तो नळीच्या तळाशीं.

परंतु ज्या प्रसंगानें आम्हांस हें लिहावयास लाविलें तो फार गंभीर आहे. आमच्या एका स्नेह्यांकडे भांडीं घांसावयास येणाऱ्या बाई महिनाभर सांगत होत्या, ‘वहिनी, मोरीतला नळ चावतो.’ वहिनींनीं नळास हात लावून पाहिला. त्यांना कांहींच जाणवलें नाहीं; कारण त्यांचे हात कोरडे होते आणि पायांत सपाता होत्या. बाई ओल्या फरशीवर अनवाणी बसत. अखेर त्यांना रबरी चपला देण्यांत आल्या, आणि तक्रार थांबली. आम्ही एके दिवशीं तेथें चहास गेलों असतां ही गोष्ट थट्टेंत निघाली. आम्हीं चहा तसाच ठेवून आधीं मेन स्विच बंद करविला व परवाना असलेल्या वायरमनना बोलावणें धाडलें.

त्यांनीं दहा मिनिटांत कारण दाखविलें. पंपाच्या वायरींत तीन तारा होत्या. पैकीं हिरवी तार दुमडून चिकटपट्टीखालीं निजविली होती. पूर्वीं केव्हां तरी तीन पिनांचा प्लग फुटला, तेव्हां हातीं सांपडला तो दोन पिनांचा बसविला. मोटर लागलीच चालू झाली, आणि तिसऱ्या तारेची कोणास आठवण उरली नाहीं. पुढें मोटरीच्या आंत ओल शिरली. प्रवाह तिच्या लोखंडी अंगावर उतरला, आणि लोखंडी नळावाटे मोरींत आला. ती हिरवी तार म्हणजे अर्थिंगची वाट. तिच्यासाठींच प्लगाची एक पिन जाड व लांब असते. ती सर्वांआधीं आंत जाते आणि सर्वांमागून बाहेर येते. ती वाट बुजविल्यावर प्रवाहानें दुसरी वाट धरली, आणि ती त्या बाईंच्या देहांतून जात होती.

‘पण फ्यूज होता ना?’ असें आमच्या स्नेह्यांनीं विचारलें. हा भ्रम बहुतेकांस असतो. २३० व्होल्टांवर १०० वॅटचा साधा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. आणि त्या प्रवाहाचा दहावा हिस्साही मनुष्याच्या छातींतून गेला तर प्राणावर बेतूं शकतें. पांच अँपिअरच्या फ्यूजला त्याची दादही लागत नाहीं. फ्यूज घराच्या तारांची राखण करितो, माणसांची नव्हे. त्यासाठीं अर्थिंग नीट हवें, आणि त्यावर आर. सी. सी. बी. नांवाचा खटका हवा. केवळ ३० मिलिअँपिअर प्रवाह आडवाटेनें गेला तरी तो वीज तोडतो.

येथें कायद्याची आठवण देणें योग्य होईल. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्याची मोकळीक १९५६ सालच्या वीजनियमांनीं घरमालकास दिली होती. मात्र त्या बदलानें योजनेची शक्ति किंवा स्वरूप पालटतां कामा नये, बाकीचें काम परवानाधारकानेंच करावें, अशी त्यांत मर्यादा होती. २०१० सालच्या नियमांतही तोच विचार होता. जाड फ्यूजतार आणि कापलेली तिसरी पिन ही दोन्ही कामें पांच मिनिटांचीं खरीं. पण त्यांनीं घराचें स्वरूपच पालटतें.

आमच्या त्या स्नेह्यांचें घर आतां नीट झालें आहे. वाचकांस आमची विनंति एवढीच, कीं मोटरीचा आवाज ऐकून काम संपलें असें ठरवूं नये. ज्याच्या हातास घर चावतें तो बहुधा घराचा मालक नसतो. म्हणून ओल्या फरशीवर अनवाणी बसणाऱ्या माणसास आधीं विचारावें, आणि त्यानें कांहीं सांगितलें, तर चपला देण्यापूर्वीं मेन स्विच बंद करावा.