काकांची यादी आणि मावशीची पिशवी

पंचवटीत घर असले की पाहुण्यांची वानवा कधी भासत नाही. पितृपक्षात येतात, रामनवमीला येतात, आणि सिंहस्थात तर 'तुमच्या आजोबांच्या शेजारी आमचे बिऱ्हाड होते' एवढ्या ओळखीवरही येतात. त्यांना रामकुंड दाखवायचे, सीतागुंफेत वाकून आत न्यायचे, कोंडाजीचा चिवडा बांधून द्यायचा आणि स्टेशनवर पोचवायचे, हे काम आमच्या घरात वयाने धाकट्या असलेल्याकडे असते. सध्या ते माझ्याकडे आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत डोंबिवलीहून मावशी आणि काका आले ते मात्र निराळे पाहुणे होते. काका जूनमध्ये बँकेतून निवृत्त झालेले. लग्नाला चौतीस वर्षे झाली तरी दोघांनीच मिळून कुठे जाण्याचा योग आला नव्हता. आधी सासूबाईंचे आजारपण, मग मुलांच्या शाळा, मग मुलांची लग्ने. १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसचे नाव कल्याण स्टेशनात ऐकत ऐकत काकांचे नोकरीचे आयुष्य सरले होते. आता त्याच गाडीत बसून सोमवारी रात्री दोघे नाशिकरोडला उतरली. काकांच्या खिशात सतरा ठिकाणांची यादी होती, प्रत्येकापुढे वेळ घातलेली. मावशीच्या हातात दोन रिकाम्या कापडी पिशव्या होत्या. पुढल्या चार दिवसांचे सगळे सार या सामानातच होते, म्हणा ना!

मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. यादीतला पहिला क्रमांक कपालेश्वराचा. या महादेवासमोर नंदी नाही हे त्याचे वैशिष्ट्य. काकांनी कथा सांगितली: नंदीच्याच सांगण्यावरून शंकराने रामकुंडात स्नान केले आणि पापातून मुक्ती मिळवली, म्हणून त्याने नंदीला गुरू मानले, आणि गुरूला समोर कसे बसवायचे? मावशीने हात जोडले आणि म्हणाली, "बघा, देवालासुद्धा समोर सारखं कुणी बसलेलं नको असतं." काका हसले नाहीत. मला तेव्हा त्यातली मेख कळली नाही.

कळली ती तासाभराने. नारोशंकराच्या देवळापाशी पोचलो तेव्हा काका उत्साहाने सांगत होते, की ही मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाची खूण आहे. सांगता सांगता घड्याळाकडे बघत होते. मावशी घाटाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "मी इथेच बसते. तुम्ही या सगळं बघून." काका म्हणाले, "अगं, अजून अकरा राहिलीत!" त्यावर मावशी म्हणाली, "अहो, ही सहल आहे की शाखेची तपासणी?" काका छत्री उचलून एकटेच निघून गेले.

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. त्या गंगेवर मावशीजवळ मीही बसले. समोर रामकुंडात कुणी अस्थी सोडत होते, कुणी पोराला बुचकळून काढत होते, पलीकडे क्षौर चालले होते. द्रोणात दिवा आणि झेंडू घेऊन बसलेल्या बाईशी मावशीचे नाव-गाव होऊन गेले. मग माझ्याकडे न बघताच ती बोलू लागली.

"चौतीस वर्षं हे सकाळी साताच्या लोकलने जायचे आणि रात्री आठाला यायचे. दिवसभराचं घर माझं होतं. आता जूनपासून हे घरात आहेत. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. दूध उतू का जातं याचा तक्ता केला. माणूस वाईट नाही गं. पण दिवसभर एकत्र कसं राहायचं, ते आम्हाला दोघांनाही येत नाही. म्हटलं, चार दिवस नाशिकला जमलं तर घरी जमेल."

पाहुण्यांबरोबर फिरताना असे काही ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. देवळे बघायला आलेल्या या जोडप्याची खरी परीक्षा भलत्याच विषयाची होती तर!

त्या संध्याकाळी काळारामाला दोघे एकत्र आली. काळ्या पाषाणातले हे भव्य मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. मावशी गाभाऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिली. काका लवकर बाहेर आले आणि महाद्वाराशी थांबले. मावशी प्रसाद घेऊन आली तेव्हा ते मला सांगत होते, की २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, माणसे दारांशी बसून राहिली, पाच वर्षे लढा चालला आणि तरी दार उघडले नाही. पुढे ऑक्टोबर १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मावशी ऐकत राहिली. तिने उंबऱ्याकडे एकदा पाहिले, काकांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाली, "मी नमस्कार आत केला, तुम्ही दारात केलात. दोन्ही व्हायला हवे होते." तो दिवस निदान गोड झाला.

रात्री जेवताना तह झाला: सकाळ काकांची, संध्याकाळ मावशीची. त्याप्रमाणे बुधवारी सकाळी आम्ही पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलो. चोवीस लेणी. दहाव्या लेण्यापाशी काकांनी एक जुने टिपण काढले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथे भिक्षूंसाठी ठेव ठेवली, तिचा लेख भिंतीवर कोरला आहे. विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

"आता बघ," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज निवृत्तीनंतर प्रथमच कॅश-काउंटरवरचा झाला असावा. "दोन हजारांवर दरमहा एक टक्का म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना बारा बारा म्हणजेही दोनशे चाळीस. एकोणीसशे वर्षं झाली, हिशेब तंतोतंत जुळतो!"

मावशी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस दिवसभर काय करत होता, ते तिने बहुधा त्या लेण्यात प्रथम पाहिले. मग तिने विचारले, "बायकांचं काही नाव आहे का इथे?" काकांनी तिला तिसऱ्या लेण्यापाशी नेले. ते गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, नातू पुळुमावीच्या राज्यात दान दिले. लेखात मुलाच्या पराक्रमाबरोबर त्याच्या मातृसेवेचीही नोंद आहे. मावशी म्हणाली, "म्हणजे म्हातारीने आपल्या मनासारखं लिहून घेतलं!" आणि त्या एका लेण्यात ती काकांपेक्षा जास्त वेळ रेंगाळली.

संध्याकाळ मावशीची. बुधवार म्हणजे गंगेवरचा बाजार. वांगी, भुईमुगाच्या शेंगा, सुके बोंबील, सुपे, दोरखंड: मावशी प्रत्येक ढिगापाशी थांबत होती. काका पिशवी धरून मागे चालत होते. यादीतला दुतोंड्या मारुती वाटेतच भेटला. गंगेचे पाणी त्याच्या कुठवर चढले यावर आम्ही पूर मोजतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत सारे गाव मारुतीची खबर विचारत होते. भाजीवाल्या मावशींनी ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की काका पिशवीसकट पायरीवर बसले आणि घड्याळ विसरले.

गुरुवारी खाण्याचा वार. मेन रोडला सायंताराचा साबुदाणा वडा, मग बुधा हलवायाची जिलबी. पण त्याआधी सकाळी मिसळ. काकांना आम्लपित्त, घरचा वरणभात हेच पथ्य. मावशीला तिखटाशिवाय घास उतरत नाही. नाशिकच्या मिसळीची एक सोय आहे. मटकी, शेव, कांदा, लिंबू, दही, पापड आणि काळ्या मसाल्याचा रस्सा हे सारे एका ताटात, पण आपापल्या वाटीत येते. किती कालवायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. मावशीने रस्सा दोनदा मागवला. काकांनी मटकीवर दही घातले, रस्स्याचे चार थेंब शिंपडले आणि पापड मोडून खाल्ला. दोघांच्या कपाळावर सारखाच घाम होता. "बरी आहे," काका म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द म्हणजे सुवर्णपदकच, असे मावशीने मला हळूच सांगितले.

शेवटची खेप भांडीबाजाराची. मावशीने कल्हई केलेले एक लहान पितळी पातेले निवडले, तळ वाजवून पाहिला, भाव केला आणि ते काकांच्या हातात दिले. "हे तुमचं. सकाळचा चहा आता तुम्ही करायचा. ओट्याची डावी बाजू तुमची. पण माझ्या डब्यांना हात लावायचा नाही." काकांनी पातेले उलटेपालटे करून पाहिले. "आणि चिठ्ठ्या?" त्यांनी विचारले. "चिठ्ठ्या राहू देत," मावशी म्हणाली, "तूरडाळीची बरोबर आहे."

शुक्रवारी सकाळच्या पंचवटीने ती दोघे गेली. सतरापैकी नऊच ठिकाणे झाली, तपोवन राहिले, आणि दोन्ही पिशव्या मात्र शिगोशीग भरल्या होत्या.

एकाच गावी जाऊन दोघांनी एकच पाहिले पाहिजे असा आपल्याकडे एक समज आहे. निदान सहलीच्या फोटोत तरी तसे दिसते. मला वाटते, सोबत म्हणजे एकसारखे पाहणे नव्हे. आपण जे पाहिले ते दुसऱ्याला सांगावेसे वाटणे आणि त्याने ते ऐकायला थांबणे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. काका दाराशी थांबले आणि मावशी लेण्यात थांबली, म्हणून ती सहल झाली.

परवा मावशीचा फोन आला होता. काका सकाळी चहा करतात, साखर जास्त पडते, ती काही बोलत नाही. अकरा ते चार ते वाचनालयात बसतात. ब्राह्मी लिपी शिकत आहेत. दुपारी घर पुन्हा तिचे असते. "मग बरं चाललंय ना?" मी विचारले. "चाललंय," ती म्हणाली, "पण साडेतीन वाजले की हल्ली दाराकडे लक्ष जातं बघ."