'एक अनेक' : आस्वाद की आठवण?

पदव्युत्तर वर्गात लोकप्रियता आणि मूल्य यांच्या संबंधाची चर्चा चालू असताना मी 'एक अनेक और एकता' हा १९७४ सालचा अॅनिमेशनपट दाखवला. विजया मुळे यांचे दिग्दर्शन, भीमसेन यांची चित्रे, वसंत देसाई यांचे संगीत. कालावधी जेमतेम सात मिनिटे. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तेव्हा घरोघरी दुसरे काही दिसतच नव्हते, म्हणून हा एवढा थोर ठरला." वर्ग हसला. मला राग आला, आणि त्या रागाचाच मला संशय आला.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात दूरदर्शनचा संच फक्त मालकांकडे होता. उंबऱ्याबाहेर थोरल्या भावाच्या मांडीवर बसून मी हा पट किती वेळा पाहिला असेन, याला गणती नाही. पुढे वाडा बिल्डरकडे गेला, जागेच्या हक्कावरून वाद झाला. गेली अकरा वर्षे आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाही. तेव्हा पडद्यावर पाखरे जाळ्यासह उडू लागली की माझा गळा दाटतो तो कशाने? अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. त्या निकषावर मी या कृतीचा अपात्र प्रेक्षक ठरतो. परंतु एक अडचण राहते. ही विवशता माझ्या एकट्याची नाही. सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवणाऱ्या साऱ्या पिढीची आठवण 'निज' कशी म्हणावी?

आठवण बाजूस ठेवून संहितेकडे वळावे. शीर्षकातच एक व्याकरणाचा प्रवास आहे. 'एक' व 'अनेक' ही संख्याविशेषणे, 'एकता' हे भाववाचक नाम. ताई मुलांना व्याख्या सांगत नाही. सूर्य, तारे, खार, फुलपाखरू अशी मोजदाद होते आणि भाववाचक नामापाशी येताच मोजदाद थांबून गोष्ट सुरू होते. अमूर्ताकडे जाण्याचा कथनाखेरीज मार्ग नाही, ही जाण मला या पटाची खरी कमाई वाटते. प्रभातच्या मुशीत घडलेल्या देसाईंची चालही या प्रश्नोत्तरांना बोलण्याच्या लयीपासून फारशी दूर नेत नाही.

गोष्ट अर्थात पंचतंत्रातली. 'मित्रसंप्राप्ती'त कबुतरांचा राजा चित्रग्रीव आहे. हिरण्यक उंदीर त्याचे पाश तोडू लागताच तो म्हणतो, आधी माझ्या अनुयायांचे तोड. पटात राजा नाही; युक्ती सुचते ती थव्यातल्याच एका पाखराला. ही लोकशाही दृष्टी लोभसवाणी खरी, पण राजाबरोबर तो पेचही गेला. एकत्र उडणे त्या मानाने सोपे. खाली उतरल्यावर कोणाचे पाश आधी तुटावेत, हा एकतेतला अवघड प्रश्न. (वाड्याच्या वाटणीत आम्हांला तोच सुटला नाही.) मूळ कथेला तो ठाऊक होता. पटातले उंदीर सर्वांनाच सोडवतात आणि लगोलग समूहगीत सुरू होते. वेशभूषांची ती मिरवणूक माझ्या मते या पटाचा सर्वांत अतिगौरवित भाग. कथेने जे कमावले, तेच तिथे घोषणेच्या रूपाने पुन्हा वाटले जाते. गंमत अशी, की लोकांच्या ओठांवर राहिले ते हेच गीत.

विद्यार्थिनीचे म्हणणे म्हणूनच मी अर्धे मान्य करतो. पुनरावृत्तीने प्रेम वाढते. पण त्या काळी पुनःपुन्हा दाखवलेले कितीतरी अनुबोधपट आम्ही विसरलोही.

त्या रात्री घरी आवाज पूर्ण बंद करून मी पट पुन्हा पाहिला. जाळे ताणले जाते, क्षणभर जड होते आणि उचलले जाते, तो प्रसंग तसाच उभा राहिला. शेवटचा भाग मात्र निर्जीव वाटला. भावाने तो पट अलीकडे पाहिला आहे की नाही, मला माहीत नाही.