दुसऱ्या शनिवारचा चित्रपट

पुस्तक मनुष्य एकांतात वाचू शकतो; गाणेही एकट्याने ऐकू शकतो. चित्रपटाचे मात्र तसे नाही. अंधारात शेजारी बसलेल्या माणसाचा उसासा कानी पडावा, मागच्या ओळीतील हसू आपल्या ओठांवर उतरावे, तेव्हाच चित्रपट पुरता पाहिल्यासारखा वाटतो. आज खिशात मावणाऱ्या लहानशा पडद्यावर वाटेल तो चित्रपट वाटेल त्या वेळी पाहता येतो. तरीही महिन्यातून एकदा, ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी, एकत्र जमून चित्रपट पाहणारी मंडळे अजून नांदत आहेत. तालुक्याच्या गावातील अशाच एका मंडळाची ही हकिकत आहे.

गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर एक लांबट दालन आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी तेथील वाचनाची मेजे भिंतीशी सरकवली जातात, खिडक्यांवर जाड काळे कापड ओढले जाते, पुढे सतरंज्या अंथरतात आणि मागे वृद्धांसाठी खुर्च्यांच्या दोन ओळी मांडतात. समोरचा पडदा म्हणजे दुहेरी शिवलेले पांढरेशुभ्र मांजरपाट. गावातील एका शिंप्याने ते वर्गणीच्या बदली शिवून दिले आणि तो मंडळाचा सभासद झाला. कार्यक्रम संपला की पडद्याची घडी तोच करतो. दुसऱ्या कोणाच्या हाताला सुरकुती पडते, असा त्याचा आक्षेप आहे.

मंडळाचे संस्थापक म्हणजे वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. पुस्तकांच्या संगतीत आयुष्य काढताना चित्रपटांवरील पुस्तकेही त्यांनी मनोभावे वाचली होती. मंडळ स्थापन झाले त्या दिवशी त्यांनी सभासदांना या चळवळीचा इतिहास सांगितला. १९२५ साली लंडनमध्ये असे एक मंडळ निघाले. आपल्याकडे १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांचे मित्र यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. ज्या तरुणांनी तेथे परदेशी चित्रपट पाहिले, त्यांवर वाद घातले, त्यांतील राय यांनीच पुढे १९५५ साली ‘पथेर पांचाली’ जगापुढे ठेवला. चांगला प्रेक्षक घडला की चांगला कलावंत घडतो, हे सांगताना ग्रंथपालांचा आवाज भरून आला होता.

त्याच भाषणात त्यांनी एका मराठी बाईंचे नाव आदराने घेतले. त्या विजया मुळे. त्या मूळच्या मुंबईच्या. विवाहानंतर पाटण्यास गेल्या. १९४६ साली शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात गेल्या असता चित्रपट मंडळ कसे चालते, हे त्यांनी जवळून पाहिले. परतल्यावर पाटण्यासारख्या शहरात असे मंडळ चालविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. देशातील मंडळांचा महासंघ १९५९ साली स्थापन झाला, तेव्हा राय त्याचे अध्यक्ष होते आणि चिटणिसांपैकी एक होत्या विजयाबाई. लहान मुलांसाठी त्यांनी १९७४ साली केलेला ‘एक अनेक और एकता’ हा चित्रपट दूरदर्शनमुळे घरोघर पोहोचला. एक शिक्षिका पाटण्यात जे करू शकली, ते आपल्या गावाला का जमू नये, असा ग्रंथपालांचा सवाल होता.

पहिली दोन वर्षे चित्रपटांची निवड ग्रंथपाल स्वतःच करीत. सभासदांचीही त्यास हरकत नव्हती. जाणत्याने निवडावे हे रास्तच होते. चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे असत त्यांच्याशी ते महिनाभर आधी पत्रव्यवहार करीत, लेखी परवानगी मिळवीत आणि मगच फळ्यावर नाव लिहीत. रशियातील ‘बॅटलशिप पोटेम्किन’, इटलीतील ‘बायसिकल थीव्ज’, जपानमधील ‘राशोमोन’ असे एकाहून एक सरस चित्रपट त्यांनी आणले. प्रत्येकापूर्वी ते अर्धा तास बोलत आणि चित्रपट संपल्यावर, “काय उमगले?” असे विचारीत. पहिल्या महिन्यात जिन्यापर्यंत माणसे बसली होती. दोन वर्षांनंतर ती बोटांवर मोजण्याइतकी उरली. ओझू यांचा ‘टोकिओ स्टोरी’ दाखविला, त्या रात्री तर मध्येच चार-पाच जण चपला हातात घेऊन हळूच जिना उतरले. लोकांना चित्रपट नकोसे झाले होते असे नव्हे. दर शनिवारी आपली परीक्षा घेतली जाते आणि दर शनिवारी आपण नापास होतो, असे त्यांना वाटू लागले होते.

मग सभा भरली आणि बहुमताने निवड करावी असे ठरले. तीन नावे पुढे यावीत, हात वर व्हावेत आणि ज्यास अधिक हात त्याचा चित्रपट लागावा. ही रीत न्यायाची वाटली आणि काही महिने दालन पुन्हा भरलेही. परंतु हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. दर खेपेस एकाच धाटणीचे चित्रपट निवडून येत. त्याच गाण्यांवर तीच मंडळी डोलत आणि उरलेली मंडळी घड्याळाकडे पाहत. गावच्या टपालवाल्यास युद्धावरील एक जुना चित्रपट सर्वांसमवेत पाहायचा होता. प्रत्येक वेळी तो दोन-चार मतांनी हरे. हरलेला हात पुढे वर येईनासा झाला आणि त्यामागोमाग माणूसही येईनासे झाले. मंडळ एका माणसाच्या आवडीतून सुटले होते, ते निम्म्या माणसांच्या आवडीत अडकले.

मंडळ बंद करावे की काय, हे ठरविण्यासाठी पुन्हा सभा भरली. ग्रंथपाल म्हणाले, “लोकांस चांगले नको असेल, तर आग्रह कशासाठी?” दुसरे म्हणाले, “चांगले कोणते हे एकट्याने का ठरवावे?” बोलणे वाढत चालले, तेव्हा आजवर सभेत कधी तोंड न उघडलेला शिंपी उभा राहिला. तो गावातील भजनी मंडळात टाळ धरतो. तो म्हणाला, “आमच्या भजनात एकाने अभंग धरला की बाकीच्यांनी टाळ धरायचे. आपल्या आवडीचा असो वा नसो. मग दुसऱ्याने धरायचा. कुणाचा गळा गोड असतो, कुणाचा नसतो. पण आमच्याकडं मतं घेत नाहीत.” एवढे बोलून तो खाली बसला.

या चार वाक्यांतून मंडळाचा आजचा नियम निघाला. सभासदांच्या यादीतील क्रमाने दर महिन्यास एकाने चित्रपट निवडावा. त्यात कोणी ढवळाढवळ करू नये. निवडणाऱ्याने आरंभी उभे राहून पाच मिनिटांत आपणास हा चित्रपट का आवडतो, एवढेच सांगावे. इतरांनी तो शेवटपर्यंत बसून पाहावा आणि मगच बरेवाईट बोलावे. नियम सोपे होते, परंतु पाळण्यास सोपे नव्हते. ग्रंथपालांस ते सर्वांत जड गेले. आपल्याहून कमी जाणणाऱ्याच्या निवडीपुढे मांडी घालून बसणे, ही विद्वानाची खरी कसोटी असते.

यानंतर फळ्यावर नाना तऱ्हेची नावे येऊ लागली. एका शाळकरी मुलाने चॅप्लिनचा ‘द किड’ निवडला आणि आपणास तो का आवडतो हे सांगताना, “त्यात काच फोडणारा मुलगा माझ्यासारखा आहे,” असे तो प्रामाणिकपणे म्हणाला. एका शिक्षिकेने ‘श्वास’ निवडला. टपालवाल्याचा युद्धपटही अखेर लागला. सर्वच निवडी चांगल्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. एका चित्रपटाने तर तीन तास अशी सत्त्वपरीक्षा पाहिली की निवडणारा सोडून सारे दालन पेंगत होते. तथापि कोणी उठले नाही. पुढे कधीतरी आपणही तेथे उभे राहणार आहोत, याची जाणीव प्रत्येकास होती.

एका महिन्यात क्रम आला ऐंशी ओलांडलेल्या एका आजींचा. त्यांनी ‘कुंकू’ हे नाव सांगितले. प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी १९३७ साली दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. आईबापांवेगळ्या नीरा नावाच्या मुलीचे लग्न तिचा मामा एका वयोवृद्ध विधुराशी लावून देतो आणि ती मुलगी त्यास पती मानण्याचे ठामपणे नाकारते, अशी ती कथा. ग्रंथपालांना हा चित्रपट पाठ होता. त्यात पार्श्वसंगीत नाही, प्रसंगात जे वाजते तेवढेच ऐकू येते, घरातील जुने घड्याळ कसे अर्थपूर्ण ठोके देते, यावर त्यांनी मागे टिपणे काढून ठेवली होती.

आजी खुर्चीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना पाच मिनिटे लागलीच नाहीत. त्या म्हणाल्या, “मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या गावी तंबूतला सिनेमा आला होता. आई मला घेऊन गेली. माझ्या आईचं लग्न बाराव्या वर्षी झालं. वडील चाळिशीच्या पुढचे, बिजवर. घरी येताना आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, चल, पुन्हा जाऊ. आयुष्यात तिनं दोनदा पाहिलेला हा एकच सिनेमा. तिला काय वाटलं, हे मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.” आणि त्या खाली बसल्या.

चित्रपट सुरू झाला. घड्याळाचे ठोके पडू लागले, तेव्हा दालनात इतकी शांतता होती की खाली रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलीची घंटी ऐकू आली. चित्रपट संपल्यावर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी म्हणाली, “आजी, मला शेवट पटला नाही. नवरा स्वतःच तिच्या वाटेतून दूर होतो, म्हणून ती मोकळी होते. तिची तिला का नाही वाट मिळाली?” आजींनी थोडा विचार केला. त्या म्हणाल्या, “बाळ, तुला पटला नाही हे बरंच झालं. आईला नुसतं नाही म्हणणारी मुलगी पाहायला मिळाली, तेवढ्यासाठी ती दोनदा गेली.” त्या रात्री ग्रंथपाल काहीच बोलले नाहीत. त्यांची टिपणे त्यांच्या खिशातच राहिली. चित्रपटात घड्याळ कसे वाजते, हे त्यांना ठाऊक होते. परंतु ते कोणाच्या काळजात वाजत असेल, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

काही महिन्यांनी यादी फिरत फिरत खुद्द ग्रंथपालांपाशी आली. त्यांनी फळ्यावर पुन्हा ‘टोकिओ स्टोरी’ हेच नाव लिहिले. ज्या चित्रपटातून लोक उठून गेले होते, तोच! १९५३ सालच्या या चित्रपटात एक वृद्ध जोडपे दूरच्या गावाहून टोकिओत राहणाऱ्या आपल्या मुलांना भेटावयास येते. मुले वाईट नाहीत. त्यांना फक्त वेळ नाही. मागल्या खेपेस ग्रंथपालांनी दिग्दर्शकाच्या शैलीवर अर्धा तास व्याख्यान दिले होते. या वेळी ते म्हणाले, “माझे वडील गावाहून मला भेटायला आले होते. वाचनालयाची वार्षिक तपासणी होती. मी त्यांना स्टँडवर आणायला गेलो नाही आणि पोचवायलाही गेलो नाही. त्यानंतर ते आले नाहीत. हा चित्रपट मोठा आहे, म्हणून मागे दाखवला होता. आज ते कारण नाही.” त्यांच्याच्याने पुढे बोलवेना. त्या रात्री जिन्यावर चपलांचा आवाज झाला नाही.

चित्रपट तोच होता, पडदा तोच होता आणि बहुतेक माणसेही तीच होती. मग बदलले काय? ग्रंथ थोर आहे म्हणून कोणी वाचावयास सांगितले, तर आपण तो मान देऊन बाजूस ठेवतो. परंतु एखाद्याने आपल्या जिवाची गोष्ट म्हणून तो हाती दिला, तर उघडून पाहिल्यावाचून राहवत नाही. आवड शिकविता येत नाही. ती एकाने मनापासून मांडावी आणि दुसऱ्याने धीराने पाहावी लागते. एकत्र राहण्याचे मर्म तरी याहून निराळे काय आहे? आपला अभंग म्हणावयाचा, तर आधी दुसऱ्याच्या अभंगाला टाळ धरावे लागतात.

दिवे लागले. माणसे हळूहळू उठली, पण जिना उतरण्याची घाई कोणास दिसली नाही. टपालवाला ग्रंथपालांपाशी येऊन काही न बोलता क्षणभर उभा राहिला आणि त्याने सतरंज्या गोळा करावयास सुरुवात केली. शिंप्याने मांजरपाटाचा पडदा काळजीपूर्वक उतरविला, कोपऱ्यास कोपरा जुळवून त्याची घडी केली आणि ती काखेत धरून विचारले, “पुढच्या महिन्याला कोण?”