ड्रॉइंग घरी, डाय भोसरीत

चाकणच्या गाडी कारखान्यांना पत्र्याचे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांसाठी आमची कंपनी डाय आणि फिक्स्चर बनवते. डिझाइन ऑफिस चिंचवडला होतं, टूलरूम भोसरी एमआयडीसीत. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा डिझायनर मंडळींनी आपापले कॉम्प्युटर घरी नेले, आणि पुढे जागेचा करार संपला तेव्हा आम्ही तो पुन्हा केलाच नाही. डिझाइन विभाग माझ्याकडे आहे. आज माझे सहकारी सातारा, लातूर, जळगाव, कराड इथून काम करतात. टूलरूम जिथे होती तिथेच आहे.

त्या काळात घरून काम हाच पुढचा रस्ता, असं सगळेच म्हणत होते. 2025 पर्यंत फक्त 25 टक्के कर्मचाऱ्यांनी एका वेळी ऑफिसात असावं, असं टीसीएसने एप्रिल 2020 मध्ये जाहीर केलं होतं. 2023 मध्ये त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. आम्ही परतलो नाही. भाडं वाचलं, त्यातून डिझायनर मुलांना इन्व्हर्टर आणि बरी खुर्ची देता आली. बाळंतपणानंतर नोकरी सोडलेली एक उत्तम डिझायनर माहेरी कराडला राहून पुन्हा कामाला लागली. फक्त तिच्यासाठीसुद्धा मी हा निर्णय पुन्हा घेईन.

तरी एक गोष्ट मला सतत टोचत होती. हा पट्टा कारखान्यांनी वसवला आहे. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को आणि बजाज, आणि 1982 मध्ये महानगरपालिका. इथल्या घरांमध्ये ‘कंपनी’ म्हटलं की कंपनीची बस, कँटीन, शिफ्ट, बोनस आणि खंडेनवमीची पूजा हे सगळं एकदम डोळ्यांपुढे येतं. इंजिनिअर आणि फिटर एकाच बसने येत, एकाच कँटीनमध्ये जेवत. कामाच्या रीती त्या रांगेत, त्या बाकावर एकाकडून दुसऱ्याकडे जात. आता आमची निम्मी कंपनी घरी होती आणि निम्मी मशीनवर. डाय कुणाला बेडरूममध्ये बसून फिट करता येत नाही. टूलरूममध्ये आम्हाला ‘घरी बसलेली मंडळी’ म्हणू लागले होते, आणि त्या शब्दांत थोडा राग होता. तो मला रास्त वाटायचा. पहिला लॉकडाऊन थोडा सैल झाल्याबरोबर मास्क लावून कामावर आले होते ते तेच लोक.

ही दरी किती खोल आहे ते एका डायने दाखवलं. लातूरच्या एका नव्या मुलाने ती काढली होती. स्क्रीनवर काहीच खोट नव्हती. असेंब्ली सुरू झाली आणि टूलरूममधल्या जुन्या फिटरकाकांचा फोटो आला, पाठोपाठ आवाजी निरोप: “मॅडम, तुमच्या ड्रॉइंगमध्ये बोल्ट आहे, पण चावी फिरवायला माझा हात कुठनं घालू?” बोल्ट डायच्या भिंतीला इतका खेटून होता की ॲलन की जेमतेम आत जायची. काकांनी ग्राइंडरवर चावी कापून आखूड केली आणि काम पुढे नेलं. जराशी फिरवायची, काढायची, परत घालायची, परत जराशी. असे बरेच बोल्ट होते. बोटांची सालं निघाली.

चिंचवडला असतो तर काका ड्रॉइंग घेऊन थेट त्या मुलाच्या टेबलाशी उभे राहिले असते. शेजारच्या तिघांनीही ऐकलं असतं आणि ती चूक ऑफिसात पुन्हा कुणाकडून झाली नसती. ऑफिस गेलं म्हणजे आमचं हे कानावर पडणं गेलं.

त्यानंतर आम्ही जे केलं ते साधं आहे, पण नेटाने केलं. आता प्रत्येक ट्रायलची नोंद लिहिली जाते आणि ती कंपनीत सगळ्यांना उघडी असते. कुठे पत्र्याच्या कडेला बर आली, कुठे शिमची पातळ पट्टी घालावी लागली, फिटरने काय सुचवलं, तेही त्याच्या नावानिशी. काकांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते बोलतात आणि डिझायनर लिहून घेतो. गिटलॅब ही पहिल्यापासून ऑफिसाविना चालणारी सॉफ्टवेअर कंपनी आपल्या कामाच्या पद्धतींची पुस्तिका जगाला वाचायला खुली ठेवते, हे मला तेव्हा माहीत होतं आणि त्यावरून धीरही आला. मात्र आमचं ज्ञान निम्मं बोटांत आहे. त्यामुळे लिहिण्यावर भागत नाही. नवा डिझायनर घरी बसण्याआधी काही महिने भोसरीत राहतो, स्पॉटिंगला, म्हणजे डायचे भाग कुठे टेकतात ते पाहायला, निळं लावतो, पंचाची धार बोटाने पाहायला शिकतो. आपल्या डायच्या पहिल्या ट्रायलला त्याने हजर राहायचंच. एसटीचं भाडं आणि राहण्याचा खर्च कंपनीचा.

शंका खासगीत विचारायची नाही, सगळ्यांच्या ग्रुपवर विचारायची, हा नियम रुजायला सर्वांत जास्त वेळ लागला. मुलं लाजतात. वरिष्ठांनीच आधी आपल्या शंका तिथे टाकायला सुरुवात केली, तेव्हा कुठे धाकटे बोलू लागले.

सुट्टीवरून मात्र वाद झाला. भोसरीत गुरुवारची सुट्टी, घरी बसलेल्यांना रविवार हवा. रविवारी डाय प्रेसवर चढलेली असताना डिझायनरचा फोन बंद, हे मला मान्य नव्हतं. शेवटी सगळ्यांनी गुरुवार घेतला. शाळकरी मुलं असणाऱ्यांना आळीपाळीने रविवार मिळतो. काही जण अजून नाराज आहेत, आणि त्यांची अडचण खरी आहे. तरीही एका कंपनीत सुट्टी एकच असावी, या मतावर मी ठाम आहे.

खंडेनवमीला सगळे भोसरीत येतात. डाय, व्हर्निअर, फाइल यांच्याशेजारी लॅपटॉपलाही झेंडू वाहिला जातो. आमच्या कराडच्या डिझायनरने गेल्या वेळी मुलीला आणलं होतं. आईने काढलेली डाय प्रेसखाली पत्रा दाबताना तिने पहिल्यांदाच पाहिली, आणि तो भाग हातात घेऊन ती पूजाभर टूलरूममध्ये हिंडत होती.

वाचलेल्या भाड्यातला एक हिस्सा टूलरूमकडे वळवायला मी मालकांना राजी केलं. जेवणाची खोली नीट झाली, उन्हाळ्यासाठी मोठे कूलर आले, विम्याची रक्कम वाढली. घरून काम करण्याची सोय काहींनाच मिळू शकते. तिच्यातून झालेली बचत तरी सगळ्यांची असायला हवी.

या पट्ट्यातल्या ज्या कंपन्या आज ऑफिस सोडायचा विचार करत आहेत, त्यांच्या मालकांना माझी विनंती आहे. पहिली बैठक घरी जाणाऱ्यांची घेऊ नका. जे उद्याही गेटवर पंचिंग करूनच आत येणार आहेत, त्यांना आधी बोलवा आणि त्यांचं काय अडेल ते विचारा.