भुताच्या गोष्टीतला मित्र

भुताच्या गोष्टीत मला भुतापेक्षा नायकाच्या मित्राचीच काळजी अधिक वाटते. भुताचे काय, ते मेलेलेच असते. नायकही वाड्यात पाऊल टाकताच अर्धा गेलेला. धडधडीत जिवंत माणूस काय तो मित्र, आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही!

'महल'च घ्या. अंधेरी-बोरिवलीच्या मध्ये, मालाडला, हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभारली. तिचाच हा १९४९ चा चित्रपट. दिग्दर्शक कमाल अमरोही. सगळ्यांना आठवते ती झोपाळ्यावरची मधुबाला आणि लताबाईंचे गाणे. (तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी', म्हणजे पात्राचे! भुताला नाव मिळाले, गाणारीला नाही.) वकील श्रीनाथ मात्र कोणाला आठवत नाही.

ओसाड महालातल्या कामिनीच्या नादी लागलेल्या शंकरला हा श्रीनाथ परोपरीने समजावतो. ती बोलावते गाण्याने, हा मुद्द्यांनी. ही चढाओढ कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको. पुढे भूत म्हणजे माळ्याची मुलगी आशा निघते. पत्नीच्या मृत्यूपायी शंकरला फाशीची शिक्षा होते आणि तो श्रीनाथला गळ घालतो, आशाशी तू लग्न कर. श्रीनाथ शब्द पाळतो, आणि इकडे पत्नीचे पत्र सापडून शंकर सुटतो! ज्याने मित्राला वाचवण्यासाठी जिवाचे रान केले, तोच मनात नसताना त्याचा प्रतिस्पर्धी ठरतो. वाड्याने उगवलेला याहून क्रूर सूड माझ्या वाचनात नाही.

श्रीनाथची कुचंबणा मला कळते, कारण माझाही एका घराशी सामना चालू आहे. घाटकोपरच्या माझ्या बालमित्राचे कोकणात वडिलोपार्जित घर आहे. म्हणजे चार भिंती, एक फणस आणि एक दावा. तिथे भूत नाही, सातबाराचा उतारा आहे. चुलतभावांशी खटला सुरू झाला तेव्हा त्याचे केस काळे होते. पूर्वी आम्ही दोघेही कथा लिहीत असू. कोणाची आधी छापून येते यावर भज्यांची पैज लागे. आता मी नवी कथा वाचायला बसलो की तो मध्येच उठून कागदांची पिशवी घेऊन येतो. "सोडून दे रे," हे सांगण्यात मी किती रविवार घालवले! तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "अरे, ओटीवर आजीचा झोपाळा आहे अजून."

झोपाळ्यापुढे मुद्द्यांचे काय चालणार? येत्या तारखेला मी त्याच्याबरोबर जाणार आहे. फणस तरी पाहून येईन.